सलंग

साकोलीच्या फाट्यावर, झेरॉक्स आणि सायकल पंक्चरच्या मधोमध
माझं दुकान. पाटीवरच्या डीटीपीतला टी
वाऱ्यानं गेला, तेव्हापासून लोक मला डीपीवाली म्हणतात
आणि लाइट गेली की मलाच फोन करतात.

भाद्रपदात काम आलं : मच्छीमार संस्थेची स्मरणिका.
पन्नास वर्षं, सोळा पानं. सतरावं नको,
पैसे सोळाचेच.
मजकूर पेनड्राइव्हमध्ये, फोटो अध्यक्षांच्या फोनवर,
आणि जाळ्यांचा जुना हिशेब एका वहीत,
जिची पानं उलटताना बोटांना मासळीचा वास लागायचा.

युनिकोडमधून आणलं तर रफार उडाले, वेलांट्या सांडल्या.
त्या वेचण्यात दोन दिवस.
मग चौकटी आखल्या. चौथ्या पानावर दोन रकाने, पाचव्यावर एक लांब,
सहाव्यावर मरळ धरलेल्या पोराच्या फोटोखाली आखूडशी एक.
एकीच्या पायथ्याशी टिचकी, दुसरीच्या माथ्याशी टिचकी,
की मजकूर सरकतो
भरलेल्या चौकटीतून पुढच्या चौकटीत,
वाक्य अर्धं असलं तरी.

सोविंदाजी कापगते आधारची झेरॉक्स काढायला आलेले.
लाइट नव्हती, म्हणून माझ्या इन्व्हर्टरच्या पंख्याखाली बसले.
तीस वर्षं गावतलावाचे पाणकर.
बराच वेळ पडद्याकडे पाहून म्हणाले,
"ह्या तं बांध्याच होत, बाई. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत.
धुरा कुठी फोडतेस?"

मी दाखवलं. मधली एक चौकट पुसूनही दाखवली.
मजकूर जरा थबकला आणि खालच्या चौकटीत उतरला,
एक काना न गमावता.
ते हसले. त्यांच्या गावची मधली बोडी
सोसायटीनं बुजवली, वर धानाचं गोदाम बांधलं.
"पानी मनते, मी कुठी जाऊ? दरसाल गोदामात येऊन बसते.
तुह्या मशीनले समजलं, ते इंजिनेरले नाई समजलं."

तेवढ्यात शेवटच्या चौकटीच्या कोपऱ्यात
लाल अधिकचं चिन्ह.
म्हणजे आत अजून आहे. दिसत नाही,
मागे कुठंतरी ओळीनं उभं आहे.
"सलंग चालू झाली," ते म्हणाले.
तलाव भरला की पाणी ज्या कडेनं निघतं, तिचं आमच्याकडे हे नाव.

मी चौकट ओढली, पानाच्या काठाबाहेर,
जिथं छपाई पोचत नाही.
वहीचं शेवटचं पान होतं ते, पेन्सिलीनं लिहिलेलं.
*जाळी विणणाऱ्या.* भागरथा वलथरे. गिरजा मारबते.
पुढं आणखी आठ, आणि अगदी तळाशी : चैतू नान्हेची माय.
सभासद एकही नाही.

अध्यक्षांना फोन लावला.
"तेवढं राहू द्या मॅडम. टाइप बारीक नका करू,
साहेबांचा शुभसंदेश वाचता आला पायजे."

सोविंदाजींनी झेरॉक्सची घडी करून खिशात ठेवली.
"खाली जागा नाई का कुठी? एखादी खोलगट?"

होती. मागच्या कव्हराच्या आत
माझ्याच दुकानाची फुकटातली जाहिरात :
लग्नपत्रिका, बॅनर, सातबारा, फोन नंबर.
ती अर्धी केली. खाली चार बोटांची चौकट,
लाल खुणेला टिचकी.

दहा नावं बसली. कोपरा पुन्हा लाल.
लग्नपत्रिका काढली. तरी लाल.
बॅनर गेला, सातबारा गेला.
फोन नंबर काढला तेव्हा
चैतू नान्हेची माय खाली उतरली
आणि कोपरा पांढरा झाला.

सोविंदाजी म्हणाले, "चैतूच्या मायचं नाव काय होतं, मालूम हाय कोनाले?"
आणि चपला शोधू लागले.

अंक छापून आला. जाहिरातीत आता नुसतं दुकानाचं नाव,
त्यातही टी नाही; घाईत पाटीवरून उतरवलं.
नंबर नसला तरी काल रात्री लाइट गेली
आणि सात फोन आले.